तापीचा गाळ, खडकवासल्याची वाळू

सुरत हे जगातले एक श्रीमंत बंदर होते, त्या काळातही मोठी जहाजे सुरतेला लागत नसत. ती थांबत सुवाळीला. तापीच्या मुखाच्या उत्तरेला किनारा आणि वाळूचा दांडा यांच्यामध्ये खोल पाण्याचा एक पट्टा होता, तिथे नांगर पडत. माल तिथे उतरायचा आणि होड्यांतून किंवा बैलगाड्यांतून शहरात यायचा. १६१२ साली थॉमस बेस्टच्या इंग्रजी जहाजांची पोर्तुगिजांशी झुंज झाली ती याच पाण्यात. जानेवारी १६६४ मध्ये शिवाजी महाराज सुरतेवर आले, तेव्हा इंग्रज वखारीचा प्रमुख जॉर्ज ऑक्झेंडन याने बचावासाठी खलाशी बोलावले, तेही सुवाळीला उभ्या असलेल्या जहाजांवरूनच. शहरासमोर नदी होती, पण मोठ्या जहाजाला पुरेल इतके पाणी नव्हते, कारण तापी पाण्याबरोबर गाळही आणत होती.

हा गाळ मुख्यतः महाराष्ट्राचा. तापी मध्य प्रदेशात बैतूल जिल्ह्यातल्या मुलताईला उगम पावते आणि ७२४ किलोमीटर वाहून सुरतेजवळ खंबातच्या आखाताला मिळते. तिचे पाणलोट क्षेत्र ६५,१४५ चौरस किलोमीटर आहे. त्यातले ५१,५०० चौरस किलोमीटरहून अधिक महाराष्ट्रात येते, तर गुजरातच्या वाट्याला ४,००० चौरस किलोमीटरही येत नाही. वऱ्हाडातून पूर्णा, खानदेशातून वाघूर, गिरणा, बोरी, पांझरा आणि सातपुड्यातून अनेर अशा नद्या तिला मिळतात. काळ्या कातळाची झीज होऊन बनलेली माती पावसाळ्याच्या चार महिन्यांत या नद्यांतून खाली जाते. अकोल्याच्या किंवा धुळ्याच्या शेतातून वाहून गेलेली माती कुठे थांबली, याचे उत्तर पुष्कळदा सुरतेच्या पात्रात सापडते.

एकोणिसाव्या शतकात सुरतेचे वैभव ओसरले होते. त्याला राजकारण आणि मुंबईचा उदय ही मोठी कारणे होती, पण उथळ होत गेलेल्या नदीचाही त्यात वाटा होता. १८३७ साली आधी आग आणि नंतर पूर, असे दोन घाव शहराने एकाच वर्षात सोसले. १८७७ साली तापीवर होप पूल झाला. १८८३ साली पुन्हा मोठा पूर आला. पूल बांधणाऱ्या इंजिनियरला लोखंडाची ताकद गणिताने सांगता येत होती. त्याच पुलाच्या खांबाजवळ पुरात वाळू किती खोल खरवडली जाईल, हे मात्र त्याला अनुभवाने आणि अंदाजानेच ठरवावे लागे. पाण्याचे शास्त्र पुष्कळ पुढे गेले होते. पाणी वाळूला कसे उचलते, किती अंतर नेते आणि कुठे टाकते, हे सांगणारे शास्त्र तेव्हा जन्माला येत होते.

ते शास्त्र जन्मले छोट्या नद्यांतून. १८७५ साली लुई फार्ग या फ्रेंच इंजिनियरने बोर्दोजवळ गॅरोन नदीसाठी वाळूच्या तळाची छोटी प्रतिकृती बांधली. दहा वर्षांनी मँचेस्टरमध्ये ऑस्बर्न रेनॉल्ड्सने मर्सी नदीच्या खाडीची प्रतिकृती केली. आडव्या मापात ती मूळ खाडीच्या ३१,८०० पट लहान होती आणि उभ्या मापात ९६० पट. खऱ्या मर्सीत जी भरती-ओहोटी बारा तासांहून अधिक वेळ घेते, ती त्या लाकडी पेटीत चाळीस सेकंदांत होई. रेनॉल्ड्सने सपाट वाळू पसरून भरतीमागून भरती सोडली. हजारो भरत्यांनंतर त्या वाळूत जे दांडे आणि जी खोल पात्रे उमटली, ती खऱ्या मर्सीच्या नकाशाशी जुळणारी होती. कुणी हाताने आखलेली नसताना वाळूने ती आपणहून घेतली होती. सुरतेसारखे भरतीच्या मुखावर वसलेले प्रत्येक बंदर या प्रयोगाच्या पोटात होते.

अमेरिकेत हा प्रश्न सोन्याच्या खाणींनी आणला. कॅलिफोर्नियात पाण्याच्या जोरदार फवाऱ्यांनी डोंगर फोडून सोने काढले जाई आणि उरलेला दगडमातीचा ढीग नद्यांत जाई. नद्यांचे तळ वर आले आणि शेते बुडाली. ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट या भूशास्त्रज्ञाने बर्कलेला लांब लाकडी पन्हळीत वाळू आणि खडी घालून प्रयोगांची मालिका केली. उतार, पाण्याचे प्रमाण आणि कणांचा आकार यांपैकी एकच गोष्ट बदलायची, बाकीच्या स्थिर ठेवायच्या आणि वाहून गेलेली वाळू तोलायची, अशी त्याची पद्धत होती. १९१४ साली त्याचा अहवाल प्रसिद्ध झाला. त्यातली मोजमापे आजही वापरली जातात.

भारतात हाच प्रश्न कालव्यांतून आला. पंजाबात कालव्याचे तोंड गाळाने भरे, तर कुठे काठच ढासळत. आर. जी. केनेडी या इंजिनियरने अपर बारी दोआब कालव्याच्या, वर्षानुवर्षे न भरलेल्या आणि न खचलेल्या भागांची मोजणी केली आणि १८९५ साली दाखवून दिले की, पाण्याची खोली आणि वेग यांचे एक विशिष्ट नाते जमले तर कालवा स्वतःला सांभाळतो. पंजाबच्या इंजिनियरांनी पुढे हे काम वाढवले आणि १९३० साली जेराल्ड लेसीने त्याला अधिक व्यापक रूप दिले. या सगळ्यांनी प्रत्यक्ष कालवा हीच प्रयोगशाळा मानली होती. नदी मात्र कालव्यासारखी शहाणी नसते. तिचा पूर दर वर्षी वेगळा, तिचे वळण दर दशकात वेगळे. तिचा अभ्यास करायचा तर तिला आवारात आणावी लागणार होती, आणि ते आवार पुण्याजवळ मिळाले.

सुरत आणि पुणे तेव्हा एकाच मुंबई इलाख्यात होते. १९१६ साली इलाख्याच्या बांधकाम खात्याने स्पेशल इरिगेशन डिव्हिजन नावाचा एक विभाग सुरू केला. दख्खनच्या कालव्यांखाली ऊस वाढला होता आणि त्याबरोबर जमिनी पाणथळ आणि खारवट होऊ लागल्या होत्या. त्याचा उपाय शोधणे हे या विभागाचे पहिले काम. त्याचे प्रमुख क्लॉड इंग्लिस डब्लिनचे होते. त्यांचे लक्ष जमिनीखालच्या पाण्यावरून हळूहळू कालव्यातल्या आणि नदीतल्या पाण्याकडे वळले. प्रयोगशाळा खडकवासल्याच्या धरणाखाली स्थिरावली. वर तलाव, खाली मोकळी जागा. प्रतिकृतीत सोडायला लागणारे पाणी उतारानेच मिळत होते. पुढे १९३६ साली केंद्र सरकारने ही संस्था आपल्याकडे घेतली. आज तिला आपण केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन संस्था म्हणतो.

तिथे नदी बनत असे ती अशी. आधी खऱ्या नदीचे जागोजागचे छेद मोजून आणायचे. त्या छेदांच्या आकाराचे साचे कापून ठरावीक अंतरावर उभे करायचे. साच्यांमध्ये वाळू भरून ती त्यांच्या कडेला जुळेल अशी निगुतीने सारखी करायची, मग साचे काढून घ्यायचे. वरच्या टोकाला खाच असलेल्या फळीवरून मोजून पाणी सोडायचे आणि पाण्याबरोबर वरून मोजून वाळूही द्यायची. वरची नदी जशी पाणी आणि गाळ दोन्ही आणते, तसे प्रतिकृतीलाही दोन्ही मिळाले पाहिजे. प्रवाहात रंग सोडला की तळाची आणि पृष्ठाची धार कुठे जाते ते दिसे. पाणी बंद केल्यावर टोकदार सळईच्या मापाने तळ पुन्हा मोजायचा, म्हणजे कुठे खरवड झाली आणि कुठे भर पडली याचा नकाशा तयार होई.

यातला सगळ्यांत कठीण भाग मापाचा होता. समजा, नदी सगळ्याच बाजूंनी ३०० पट लहान केली. तीन मीटर खोल पाणी एक सेंटिमीटर होईल. इतक्या पातळ थरात पाण्याचा चिकटपणा आणि पृष्ठताणच वरचढ ठरतात, आणि तळाची वाळू जागची हलत नाही. म्हणून उभे माप कमी लहान करायचे. लांबी-रुंदी ३०० पट लहान, तर खोली ६० पट. यामुळे वाळू चालू लागते, पण काठ खऱ्यापेक्षा पाचपट उभे होतात आणि वळणावरचे पाणी थोडे खोटे वागते. वाळूच्या कणाचीही हीच अडचण. एक तृतीयांश मिलिमीटरचा कण साठ पट लहान केला तर ती वाळू राहतच नाही. ती चिकट गाळासारखी वागू लागते. म्हणजे प्रतिकृती प्रत्येक बाबतीत खरी असूच शकत नाही. कोणत्या बाबतीत ती खरी ठेवायची, हे काम करणाऱ्याने जाणून ठरवायचे असते.

इंग्लिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या अडचणीला सरळ तोंड दिले. नव्या प्रश्नाचे उत्तर मागण्याआधी प्रतिकृतीची परीक्षा घ्यायची, ही शिस्त त्यांनी पाळली. नदीत आधीच घडून गेलेला, नकाशावर नोंदलेला बदल प्रतिकृतीने करून दाखवला पाहिजे. गेल्या दहा वर्षांचे पूर सोडले तर दहा वर्षांपूर्वीच्या पात्रातून आजचे पात्र निघाले पाहिजे. ते निघेपर्यंत वाळू, उतार, पाणी आणि वेळ यांचे मेळ बदलत राहायचे. या परीक्षेत उतरली तरच तिला पुढचा प्रश्न विचारायचा. १९४९ साली प्रसिद्ध झालेल्या इंग्लिस यांच्या मोठ्या ग्रंथाचा विषय नद्यांचे वर्तन आणि प्रतिकृतींच्या मदतीने त्यांचे नियंत्रण हाच आहे. प्रतिकृती कुठे कामी येते आणि कुठे फसवते याची चर्चा त्यात पानोपानी आहे.

एक मोठी कसोटी सिंधूवर लागली. १९३२ साली सक्कर येथे लॉइड बराज सुरू झाला. त्याच्या दोन्ही तीरांवरून मिळून सात कालवे निघत होते. काही वर्षांतच उजव्या तीरावरचे कालवे वाळूने भरू लागले. डाव्या तीरावर तितका त्रास नव्हता. बराजच्या बांधकामात दोष काढण्यासारखे काही नव्हते. दोष होता तो नदीच्या वळणाचा. वाहते पाणी वळते, तेव्हा वरचे वेगवान पाणी बाहेरच्या काठाकडे फेकले जाते आणि तळाचे संथ, वाळू घेऊन चाललेले पाणी आतल्या काठाकडे सरकते. चहाच्या कपात चमचा फिरवला की पानाचा चोथा कडेला न जाता तळाच्या मधोमध गोळा होतो, त्यामागे हेच कारण आहे. अल्बर्ट आइन्स्टाइनने १९२६ साली एका छोट्या निबंधात चहाच्या पानांवरूनच नद्यांच्या वळणांचे स्पष्टीकरण दिले होते. सक्करला उजव्या तीरावरच्या कालव्यांची तोंडे नेमकी तळाच्या पाण्याच्या वाटेवर आली होती.

खडकवासल्याच्या प्रतिकृतीत हे दिसले आणि त्यावरचा उपायही तिथेच सापडला. कालव्यांच्या तोंडापुढे पाणी असे वळवायचे की ही तोंडे वळणाच्या बाहेरच्या अंगाला येतील. मग वरचे, कमी वाळूचे पाणी कालव्यात जाईल आणि तळाची वाळू नदीतच राहील. त्यानुसार उजव्या तीरावर पाण्याला दिशा देणारा लांब बांध घालून नवी वाट तयार केली गेली. ही वाळू यंत्राने उपसायची ठरवली असती, तर उपसा कधीच संपला नसता. नदीच्या स्वभावाला विरोध करण्याऐवजी तो वापरून घेणे, ही खडकवासल्याच्या कामाची ओळख बनली.

दुसरी कसोटी गंगेची. बंगालमध्ये साराजवळचा हार्डिंज पूल १९१५ साली खुला झाला होता. त्याला नदी सोडून जाऊ नये म्हणून दोन्ही बाजूंना दगडी मार्गदर्शक बांध होते. १९३३ साली उजव्या बाजूचा बांध फुटला. पुलाखालून वाहणारी गंगा कुठे जाईल, हा प्रश्न खडकवासल्याला आला. या कामात इंग्लिस यांच्यासोबत जे नाव येते ते डी. व्ही. जोगळेकर यांचे. १९३६ साली मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्याने काढलेल्या तांत्रिक निबंधावर दोघांची नावे आहेत.

जोगळेकरांचे नाव मराठी वाचकाला फारसे ठाऊक नाही, आणि ते ठाऊक असायला हवे. इंग्लिस १९४५ साली भारतातून परतले आणि पुढे इंग्लंडमधल्या वॉलिंगफर्डच्या जलसंशोधन केंद्राचे पहिले संचालक झाले. खडकवासल्याची परंपरा इथल्या इंजिनियरांच्या हाती आली. जोगळेकर संस्थेचे संचालक झाले. नद्यांचे वर्तन, नियंत्रण आणि त्यांना वळण लावणे यांवरचा त्यांचा मार्गदर्शक ग्रंथ १९५६ साली प्रसिद्ध झाला आणि नदीवर काम करणाऱ्या इंजिनियरांच्या कितीतरी पिढ्यांच्या टेबलावर राहिला. त्यांच्या पाठोपाठ सी. व्ही. गोळे आणि एस. व्ही. चितळे यांनी कोसीचा अभ्यास केला. दोनशे वर्षांत शंभर किलोमीटरहून अधिक पश्चिमेकडे सरकलेली ही नदी आपल्याच गाळाचा पंखा तयार करते आणि त्यावरून घसरत राहते, हे त्यांनी १९६६ साली अमेरिकेतल्या स्थापत्य अभियंत्यांच्या नियतकालिकात मांडले.

सुरतेच्या दृष्टीने महत्त्वाचे वर्ष मात्र १९५१ आहे. जलशास्त्रज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचे अधिवेशन त्या वर्षी मुंबईत भरले. तिथे जोगळेकर आणि जी. टी. वाडेकर यांनी निबंध मांडला तो बंधारे आणि धरणे यांचा नदीच्या घडणीवर काय परिणाम होतो, या विषयावर. देशात धरणांचा मोठा काळ नुकताच सुरू होत होता. तापीवर काकरापारचा बंधारा तेव्हाच्या मुंबई राज्याने उभारला आणि १९५४ च्या सुमारास तो पूर्ण झाला. म्हणजे तापीवरचे पहिले मोठे बांधकाम उभे राहत होते, त्याच दिवसांत, त्याच राज्यात, नदीला आडवे काही घातले की तिच्या तळाचे काय होते याची चर्चा जगभरच्या तज्ज्ञांसमोर मराठी इंजिनियर करत होते.

काय होते ते आता पाठ्यपुस्तकात आहे. धरणामागे पाणी थांबले की वाळू आधी खाली बसते, मग बारीक गाळ. तलावाच्या शेपटाला भर वाढत जाते आणि ती हळूहळू धरणाकडे सरकते. धरणातून सुटलेले पाणी स्वच्छ असते, पण त्याची वाहून नेण्याची ताकद तितकीच असते. ती ताकद मग धरणाखालच्या तळातून आणि काठांतून वाळू उचलते. तळ खोल जातो आणि तिथे मोठे दगडगोटे उरतात. आणखी खाली उतार कमी झाला, किंवा समुद्राची भरती आडवी आली, की तीच वाळू पुन्हा पडते. एकाच नदीवर धरणाजवळ खरवड आणि मुखाजवळ भर, अशा दोन उलट गोष्टी एकाच वेळी घडतात. सुरत या दुसऱ्या टोकाला आहे.

ऑगस्ट १९६८ मध्ये तापीला आलेल्या पुराने सुरत बुडवले. त्या पुराचा सर्वोच्च विसर्ग सेकंदाला सुमारे ४२,५०० घनमीटर, म्हणजे साधारण १५ लाख क्युसेक होता. सुरतेच्या वरच्या बाजूला तापीवरच्या उकाई धरणाचे काम तेव्हा चालू होते आणि ते १९७२ साली पूर्ण झाले. त्याच्या तलावाचा विस्तार आजच्या नंदुरबार जिल्ह्यापर्यंत आहे, आणि त्याखाली तिथल्या आदिवासींची गावे व शेते गेली. तलावाची मूळ क्षमता सुमारे ८,५०० दशलक्ष घनमीटर धरलेली होती. नंतरच्या पाहण्यांत ती सुमारे ७,४०० दशलक्ष घनमीटरवर आली. मधला फरक हा मुख्यतः पूर्णा, गिरणा आणि पांझरेच्या खोऱ्यांतून आलेल्या मातीचा आहे. पूर अडवण्यासाठी ठेवलेली जागा माती व्यापत जाते, तेव्हा धरणाची पूर पेलण्याची ताकदही घटते.

दरम्यान प्रयोगशाळेतले शास्त्र वेगळ्या वाटेने पुढे गेले होते. १९३६ साली अल्बर्ट शील्ड्स या तरुण अमेरिकन संशोधकाने बर्लिनमध्ये एक साधा प्रश्न विचारला. पाण्याच्या किती ओढीला कण जागचा हलतो? त्याच्या प्रयोगांतून आलेला आलेख आज प्रत्येक जलइंजिनियरला माहीत असतो. पुढच्याच वर्षी आइन्स्टाइनचा मुलगा हान्स अल्बर्ट याने झुरिकमध्ये दाखवून दिले की, तळावरचा दगड सतत चालत नाही. तो उडी घेतो आणि थांबतो, पुन्हा उडी घेतो. म्हणून त्याची वाटचाल संभाव्यतेच्या गणिताने मांडावी लागते.

हे शास्त्र भारतीय विद्यापीठांत रुजवणाऱ्यांत एक ठळक नाव प्राध्यापक आर. जे. गर्दे यांचे आहे. अमेरिकेत कोलोरॅडोला गाळाच्या वहनावर संशोधन करून ते रुडकीला आले. के. जी. रंगराजू यांच्यासोबत लिहिलेले त्यांचे पुस्तक १९७७ साली आले आणि गाळाचा अभ्यास करणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांचे मूळ पुस्तक बनले. पुढे पुण्यात राहून त्यांनी या विषयाचा इतिहासही लिहिला. गर्दे आणि रंगराजू यांचे १९६६ सालचे एक काम सुरतेशी थेट जोडता येते. वाळूच्या तळावर पाणी वाहू लागले की तळावर आधी लहान लाटा उठतात, मग मोठ्या टेकड्या. प्रवाह आणखी वाढला की त्या टेकड्या पुसल्या जातात आणि तळ सपाट होतो. या प्रत्येक अवस्थेत तळ पाण्याला वेगवेगळा विरोध करतो. विरोध जास्त असेल, तर तेवढेच पाणी अधिक उंचीवरून वाहते. पुराची पातळी म्हणूनच आकाशातल्या पावसाबरोबर पात्राच्या तळाशी असलेल्या वाळूच्या ठेवणीवरही ठरते. गर्दे आणि रंगराजू यांनी हा विरोध काढण्याची रीत दिली.

रंगराजू यांच्याबरोबर रुडकीला काम केलेले पी. एल. पटेल सुरतेत आले. सुरतेचे अभियांत्रिकी महाविद्यालय १९६१ साली सुरू झाले आणि आज ते सरदार वल्लभभाई राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्था म्हणून ओळखले जाते. पटेल आणि रंगराजू यांनी १९९० च्या दशकात मिश्र वाळूचा प्रश्न घेतला. शील्ड्सच्या प्रयोगात सगळे कण एका आकाराचे होते. खऱ्या नदीच्या तळात मात्र बारीक रेती, जाड वाळू आणि गोटे एकत्र असतात. बारीक कण मोठ्यांच्या आडोशाला लपतात, त्यामुळे ते अपेक्षेपेक्षा उशिरा हलतात. मोठे गोटे वर उघडे पडतात, त्यामुळे ते अपेक्षेपेक्षा लवकर हलतात. प्रत्येक आकाराच्या कणांचा हिशेब वेगळा मांडला, तरच नदी किती खडी आणि किती रेती नेते हे कळते. कातळाच्या घळींतून येऊन भरतीच्या चिखलात शिरणाऱ्या तापीसारख्या नदीला हा हिशेब लागतोच.

ऑगस्ट २००६ मध्ये उकाईतून सुमारे ९ लाख क्युसेक पाणी सोडावे लागले आणि सुरतेचा बहुतांश भाग पाण्याखाली गेला. १९६८ च्या मानाने हे पाणी बरेच कमी होते. मधल्या काळात शहर नदीच्या काठावर सरकले होते. दोन्ही बाजूंना बांध आले होते, पूल वाढले होते. १९९५ साली सिंगणपूरला बंधारा झाल्यापासून भरतीचे पाणी वर जायचे थांबले होते आणि पात्रातली गाळ पडण्याची जुनी रीत बदलली होती. वाहायला उरलेली नदीची जागाच कमी झाली होती.

या पुरानंतर सुरतेच्या संस्थेत पी. व्ही. टिंबडिया, पी. एल. पटेल आणि पी. डी. पोरे यांनी उकाईखालच्या तापीचे संगणकावरचे गणिती चित्र तयार केले. पोरे हे नागपूरहून सुरतेच्या संस्थेत संचालक म्हणून आले होते. १९९८ आणि २००३ च्या पुरांवरून त्यांनी पात्राच्या तळाचा विरोध ठरवला आणि मग २००६ चा पूर त्या चित्रातून निघतो का ते तपासले. घडून गेलेल्या पुराने आधी परीक्षा घ्यायची आणि मगच पुढचे विचारायचे, ही खडकवासल्याची शिस्त इथेही तशीच होती. वाळूच्या जागी आकडे आले होते, एवढेच.

पुण्याच्या विद्यापीठातल्या विश्वास काळे यांनी तापीलाच साक्षीला बोलावले. शीला मिश्रा आणि अमेरिकेतले व्हिक्टर बेकर यांच्यासोबत त्यांनी तापी आणि नर्मदेच्या कातळी घळींतल्या, जुन्या पुरांनी कोपऱ्यांत ठेवलेल्या गाळाच्या थरांचा अभ्यास केला, जो २००३ साली प्रसिद्ध झाला. माणसांनी नोंदी ठेवण्याआधीचे महापूर त्या थरांत नोंदलेले आहेत. प्रमोदकुमार हिरे यांच्यासोबत काळे यांनी तापीच्या पुरांची ताकदही मोजली. तापीसारख्या मोसमी नदीत तळाची मोठी झीज आणि मोठी वाहतूक घडवणारे दिवस फार थोडे असतात, आणि ते मोठ्या पुराचे असतात. बाकीचे वर्षभर नदी पाहून तिच्याबद्दल मत बनवणे म्हणूनच धोक्याचे ठरते.

शंभर वर्षांच्या या कामातून निघणारी गोष्ट स्पष्ट आहे. नदी म्हणजे पाणी आणि गाळ या दोघांचे चालणे. आपण त्यातल्या एकाचाच हिशेब ठेवतो. पावसाळ्यात रोज सकाळी उकाईची पातळी आणि विसर्ग वर्तमानपत्रात येतो. सारंगखेड्यासारख्या ठिकाणी केंद्रीय जल आयोग पाण्याबरोबर गाळही मोजतो, पण तो आकडा धरणाचे दरवाजे उघडण्याच्या, पूररेषा आखण्याच्या किंवा वाळूच्या उपशाला परवाना देण्याच्या चर्चेत क्वचितच ऐकू येतो. खानदेशातल्या नाल्यावर बांध घालणारा शेतकरी, उकाईचा प्रचालक आणि सुरतेचा नगररचनाकार, हे तिघे एकाच मातीच्या प्रवासातल्या तीन मुक्कामांवर उभे आहेत. त्यांच्यात एक सामाईक जमाखर्च असायला हवा. वर किती माती निघाली, तलावात किती थांबली, खाली किती खरवडली गेली आणि मुखाशी किती साचली, हे दर वर्षी दोन्ही राज्यांनी मिळून जाहीर करायला हवे.

हा जमाखर्च मांडता येईल इतके ज्ञान आपल्याकडे आहे, आणि ते आपल्याच माणसांनी आपल्याच नद्यांवर कमावलेले आहे. जोगळेकरांनी १९५१ साली जो प्रश्न मुंबईत मांडला, त्याचे तापीपुरते उत्तर देण्याची साधने पुणे, रुडकी आणि सुरत येथे तयार झाली आहेत. तापीवरच्या पुढच्या प्रत्येक बांधाच्या, बंधाऱ्याच्या आणि पुलाच्या कागदांत गाळाचा आकडा पाण्याच्या आकड्याइतक्याच ठळकपणे मागितला जावा, एवढी एक अट घातली तरी या शंभर वर्षांच्या कष्टांचा लाभ सुरतेला मिळेल.